न विझणाऱ्या कंदिलांचं दुकान

खेळाचं काहीतरी बिनसलंय हे बर्निस रुओनाच्या लक्षात आलं ते कोलेटच्या मोज्यावरून. कोलेट टेबलाखाली मोजा विणत होती. बर्निसला आधी वाटलं, असेल बाई, हाताला चाळा. पण पुढच्या शनिवारी दुसरा मोजा सुरू झाला, मग एक टोपी. आणि ब्रांडा, म्हणजे खेळातली कोलेटची रणरागिणी, जिच्या नुसत्या आरोळीने राक्षस वाट सोडायचे, ती इतके दिवस एका दुकानाच्या दारात राखणीला उभी होती.

"ब्रांडा काय करतेय?" बर्निसने विचारलं.

"उभीये," कोलेट सुया न थांबवता म्हणाली. "मागच्या महिन्यात हातात सँडविच घेतलं होतं, तेच अजून खातेय. तिची काळजी नको करू."

सरोवराकाठच्या हॅनकॉक गावात हिवाळा बसला की बर्फ खिडक्यांपर्यंत चढतो, आणि तो रस्त्यांवरून हटवणं हे बर्निसचं काम. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, तो अवाढव्य ट्रक घेऊन ती पहाटेच्या अंधारात बाहेर पडायची. शनिवारची दुपार मात्र तिने साहेबाशी भांडून मोकळी करून घेतली होती. त्या दुपारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघं जमायची. खेळ फाशांचा, कागदाचा आणि मुख्य म्हणजे तोंडाचा. बर्निस सूत्रधार. पुढे दरी आहे की डोंगर, गुहेत कोण दबा धरून बसलंय, राजाचं डोकं आज ठिकाणावर आहे की नाही, ते तिने सांगायचं. बाकीच्या तिघांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार.

हा खेळ तिने मांडला होता थोरल्या भावासाठी. ड्वेन लोहारकाम करायचा. सुऱ्या, कुऱ्हाडी, दारांचे कडीकोयंडे, सगळं हाताने घडवलेलं. सुरी अशी करायचा की एकदा हातात घेतली की खाली ठेववत नसे. पण तशी एक सुरी व्हायला दिवसचे दिवस जात, आणि गिऱ्हाईक ती हातात तोलत म्हणे, "इंटरनेटवर याच्या पाव किमतीत मिळते." ड्वेन ओशाळायचा आणि किंमत उतरवायचा. मग त्याचा खांदा निकामी झाला, भट्टी थंड पडली, आणि पानगळीच्या दिवसांत तो अंथरुणातून उठेनासा झाला. बर्निस रोज जाऊन पडदे उघडायची, ती गेली की तो ते ओढून घ्यायचा. शेवटी ती त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "मी लोकांना सांगून बसलेय की मी सूत्रधार होणार, आणि खेळायला माणसंच नाहीत. तू आला नाहीस तर माझं हसं होईल."

धाकट्या बहिणीचं हसं होऊ नये म्हणून तो आला. दाढी न करता, पण आला. मग येत राहिला. खेळात तो झाला ओग्रिम, मंत्र जाणणारा कारागीर. या गोष्टीला आता दोन हिवाळे उलटले होते, आणि घरचे पडदे ड्वेन स्वतः उघडत होता.

घोळ सुरू झाला तो ओग्रिमला कंदील करता यायला लागल्यापासून. साधा कंदील नव्हे, न विझणारा. वाऱ्यात विझत नाही, पाण्यात बुडवला तरी विझत नाही, तेल नको, वात नको. नियमांच्या पुस्तकात त्याची किंमत होती शंभर मोहरा. दुसऱ्या एका प्रकरणात, कुणी सहसा वाचत नाही अशा जागी, असंही लिहिलं होतं की जादूची वस्तू स्वतः घडवली तर खर्च निम्मा येतो. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली ती हॉलिस प्रुएटने. हॉलिस लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होता. खेळात तो फिंच नावाचा खिसेकापू व्हायचा, पण रक्तातला हिशेब कुठे जातो?

"पन्नास घालायचे, शंभर काढायचे," तो डोळे मोठे करून म्हणाला. "त्या शंभराचे दोन कंदील. दोनाचे चार, चाराचे आठ. बर्निस, कुठे थांबायचं ते पुस्तकात लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं.

"अरे, डोंगरात ड्रॅगन बसलाय," बर्निसने आठवण करून दिली. "राजाने हातापाया पडून तुम्हाला पाठवलंय."

"बसू दे की! त्याला मारून मिळणार पाच हजार. तेही जिवंत राहिलो तर. इथे धुक्याच्या बंदरात दुकान टाकलं तर बर्फ वितळेपर्यंत त्याच्या दसपट. गुहेत कोण जाईल? वेडा?"

सूत्रधाराने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. तो शब्द बर्निसच्या ओठांवर आलाही होता. पण तेवढ्यात तिची नजर ड्वेनकडे गेली. तो चक्क हसत होता.

"मजा आहे," तो म्हणाला. "शंभर म्हणजे शंभर. कुणी म्हणत नाही, तिकडे स्वस्त मिळतो."

मग बर्निसची 'नाही' म्हणायची छाती झाली नाही.

धुक्याच्या बंदरात दुकान उभं राहिलं. ओग्रिम भट्टीशी, फिंच गल्ल्यावर, ब्रांडा दारात. कंदील खपले, मोहरांच्या राशी लागल्या. फासे टाकायची वेळच येईना. शनिवारची दुपार म्हणजे हॉलिस आकडे वाचतोय, ड्वेन मान डोलावतोय, कोलेट विणतेय आणि बर्निस कॉफी ओततेय. इतकी मेहनत करून तिने रचलेला तो ड्रॅगन डोंगरात नुसता जांभया देत पडला होता.

आठवडाभर ट्रक चालवताना तिच्या डोक्यात तेच घोळायचं. दुकानावर दरोडा घालावा? राजाने कर बसवावा? आग लावून द्यावी? प्रत्येक बेत ती मनात मांडायची आणि मोडायची. कारण प्रत्येकाच्या शेवटी तिला तेच दिसायचं: ड्वेन, बंद भट्टी, ओढलेले पडदे. एकदा जगाने त्याचं दुकान बुडवलं ते बुडवलं. आता सख्ख्या बहिणीने, तेही खेळात, पुन्हा बुडवायचं? आणि नाही बुडवावं तर खेळ चाललाय मसणात. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तिने कोलेटला विचारलं. कोलेटचं पुलाच्या अलीकडे पेस्टीचं दुकान होतं. करंजीसारख्या दुमडलेल्या, आत मांस, बटाटा नि रुटाबागा नावाचा कंद भरलेल्या तिच्या पेस्ट्यांवर अर्धं गाव जगायचं. दुपारी गर्दी ओसरल्यावर बर्निस तिच्या काउंटरला टेकली.

"कोलेट, तू दुकान चालवतेस. यांच्या दुकानाचं काय करू?"

"त्या बंदरात घरं किती?"

"असतील तीनशे."

"आणि कंदील किती झाले यांचे?"

"हॉलिस सातशे म्हणत होता."

कोलेट खो खो हसली. "अगं, मग तुला काही करायलाच नको. माझी पेस्टी दुपारी पोटात जाते, म्हणून माणूस उद्या परत येतो. यांचा कंदील विझतच नाही! एकदा घेतला की नातवंडांपर्यंत पुरणार. तिसऱ्यांदा कोण घेईल?"

"पण पुस्तकात शंभर लिहिलेत."

"पुस्तकात लिहिलं म्हणून मी शंभराला पेस्टी विकून बघते हं उद्या." मग तिने हात पुसले आणि आवाज उतरवला. "मलाही कंटाळा आलाय गं. पण ड्वेन इतका खुशीत असतो, म्हणून तोंड शिवून बसलेय."

"मीही म्हणूनच," बर्निस म्हणाली.

शनिवारी तिने मन घट्ट केलं. हॉलिसने नेहमीसारखं विचारलं, "आज किती विकले?"

"एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गिऱ्हाईकच आलं नाही. गावात घराघरांत कंदील आहेत, गोठ्यांतही आहेत. एका म्हातारीने तर कोंबड्यांच्या खुराड्यात लावलाय. काल एक खलाशी आपला जुना कंदील बाजारात विकून गेला. पंचवीस मोहरांना."

"पंचवीस!" हॉलिस ताडकन उठला. "हे नियमात नाही! पुस्तकात किंमत छापलेली आहे!"

"छापणारा धुक्याच्या बंदरात राहत नाही."

"ही सरळसरळ लबाडी आहे, बर्निस. आम्ही डोकं चालवलं त्याची तू शिक्षा देतेयस!"

"शिक्षा काय त्यात? कंदील बघ ना रे, विझतच नाहीत! माणसं दुसरा कशाला घेतील?"

हॉलिस आणखी काहीतरी बोलणार होता, पण ड्वेनची खुर्ची मागे सरकली. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने कोट उचलला, नीट हातही न घालता खांद्यावर टाकला.

"मला जरा काम आहे," तो कुणाकडेही न बघता म्हणाला आणि निघून गेला. त्याची पेस्टी बशीत तशीच राहिली.

"घ्या," कोलेट हळूच म्हणाली. हॉलिस खाली बसला.

बर्निसने संध्याकाळी फोन केला. ड्वेनने उचलला नाही. रविवारी केला, सोमवारी केला. मंगळवारी ती त्याच्या घरावरून गेली तर अंगणात गाडी होती, धुराड्यातून धूर येत होता, म्हणून मनाची समजूत घालून पुढे गेली. रागावला असेल, निवळेल. बुधवारी ती कामावर असताना कोलेटचा फोन आला.

"बर्निस, तू बसलीयेस ना?"

"ट्रकमध्ये आहे. काय झालं?"

"आत्ता माझ्याकडे एक माणूस पेस्टी घेऊन गेला. ग्रीन बे शहरातला. त्याच्या गाडीत मागे ऐरण होती. म्हणे रुओनाकडून घेतली."

ती ऐरण आजोबांची. खाणीच्या लोहारशाळेत ती होती, मग बाबांकडे, मग ड्वेनकडे. भट्टी बंद झाली, हातोडे विकले, भाता विकला, पण ऐरणीला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. जो माणूस ती विकतो तो आणखी काय काय मागे टाकायला निघालाय?

सरोवरावरून बर्फ नुसता कोसळत होता. ड्वेनची गल्ली बर्निसच्या वाटणीची नव्हती, तरी तिने ट्रक तिकडे वळवला. पुढचा फाळ खाली टाकून ती सबंध गल्ली साफ करतच गेली. एका शेजाऱ्याने खिडकीतून हात जोडले. या गल्लीत काउंटीचा ट्रक एरवी दोन दिवसांनी यायचा.

ड्वेनच्या अंगणातल्या खुणा ताज्या बर्फाने बुजल्या होत्या. पडदे ओढलेले. तिने दार वाजवलं, हाका मारल्या, मग तशीच आत शिरली. स्वयंपाकघरात कॉफीचा कप, थंडगार. टेबलावर फोन, आणि त्यावर तिच्याच न उचललेल्या फोनांची यादी. बिछाना रिकामा. ती गॅरेजकडे धावली. ज्या ओंडक्यावर ऐरण असायची तो ओंडका उघडा पडला होता, वर तिच्या बुडाचा गंजका चौकोन उमटलेला.

"ड्वेन!" ती मागच्या दारातून ओरडली. आवाज बर्फात विरून गेला.

आणि मग तिला दिसला धूर. घरामागे, देवदारांच्या खाली, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, छोट्या धुराड्यातून. कमरेएवढ्या बर्फातून ती वाट तुडवत गेली आणि तिने ते लाकडी दार धाडकन उघडलं.

"दार लाव, दार!" आतून आवाज आला. "सगळी वाफ चाललीये!"

वाफेत, वरच्या फळीवर, उकडलेल्या खेकड्यासारखा लालबुंद झालेला तिचा भाऊ टॉवेल सावरत बसला होता. बर्निसचा जीव भांड्यात पडला. ती तशीच, बूट-कोटासकट, खालच्या फळीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायलाही लागली.

"बर्निस? अगं काय झालं? कुणी गेलं का?"

"तू! तू गेलास असं वाटलं मला, गाढवा! फोन का उचलत नाहीस?"

ड्वेनने अपराध्यासारखं खाली पाहिलं. "कोट तरी काढ. चक्कर येऊन पडशील."

अर्ध्या तासाने दोघं स्वयंपाकघरात ताजी कॉफी घेऊन बसली. त्याचे केस ओले होते, आणि चेहरा, बर्निसला वाटलं, बऱ्याच वर्षांत इतका मोकळा दिसला नव्हता.

"ऐरण विकलीस," ती म्हणाली.

"विकली. म्हणूनच फोन उचलत नव्हतो. म्हटलं, तू विचारशील आणि माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही. तुझा जीव होता ना तिच्यावर."

"माझा?"

"आजोबांची म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून तर इतकी वर्षं गॅरेज अडवून बसवली होती तिला."

बर्निसने कप खाली ठेवला. "ड्वेन, लहानपणी त्या ऐरणीवर माझा अंगठा ठेचला तेव्हापासून मी तिला शिव्या घालतेय. मला वाटायचं, तुझा जीव आहे तिच्यावर."

ड्वेनला हसू फुटलं. "म्हणजे ती कुणालाच नको होती!"

"आणि शनिवारी? मी दुकान बुडवलं म्हणून उठून गेलास ना? खरं सांग."

त्याने टॉवेलने मान पुसली, मग पुन्हा पुसली.

"रागावलो नव्हतो गं. मला रडू यायला लागलं होतं, आणि हॉलिससमोर रडायचं नव्हतं." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "तू म्हणालीस ना, कंदील विझतच नाहीत, माणसं दुसरा कशाला घेतील? तेव्हा एकदम लख्ख उजेड पडला. माझी भट्टी बंद पडली तेव्हा मला वाटलं, माझ्या कामात खोट आहे. नाहीतर माझ्यात. धड विकता येत नाही, धड बोलता येत नाही. रात्र रात्र तेच. आणि बघ ना, या गावात घरं किती? माझी सुरी घेतलेल्यांनी दुसरी का नाही घेतली? अगं, पहिलीच अजून चालतेय! कोलेट कांदा कशाने चिरते?"

"तुझ्या सुरीने."

"किती वर्षं झाली?"

"झाली असतील पंधरा-सोळा."

"तेच तर!" त्याने टेबलावर थाप मारली. "मी वाईट कारागीर नव्हतो, बर्निस. गाव लहान होतं."

बर्निसने त्याचा हात धरला. इतके आठवडे ती ज्याला भावाच्या वर्मावरचा घाव समजून हात आखडून बसली होती, त्यानेच त्याच्या काळजातला काटा निघाला होता.

"आणि तो ग्रीन बेवाला," ड्वेन आता रंगात येऊन सांगू लागला. "किंमत ऐकून म्हणाला, फार होते. मी पूर्वीचा असतो तर लगेच उतरवली असती. पण मी ओग्रिमसारखा गप्प बसलो. नुसता दाढी खाजवत. तो गॅरेजभर फिरला, ऐरणीवर टिचकी मारून नाद ऐकला, पुन्हा फिरला आणि दिले पैसे! सगळे!"

"शाब्बास! मग आता दुकान? खेळातलं?"

ड्वेनने चेहरा असा केला की जणू कुणी त्याला एरंडेल पाजलंय. "ते बंद करता येईल का? अगं, जन्मभर दुकानच केलं मी. पहिले दोन शनिवार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग कंदील, कंदील आणि कंदील! त्या हॉलिसला इतका आनंद होतोय, म्हणून मान डोलावत बसायचो."

बर्निसने कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी हॉलिस सगळ्यांच्या शेवटी आला, आणि कोट काढायच्याही आधी बोलायला लागला. "ड्वेन, मी तुझ्यासाठी भांडत होतो. मला वाटलं, तुझं दुकान आहे, तुझा जीव रमलाय. मला तर... म्हणजे, वखारीत आठवडाभर मी तेच करतो. शनिवारीही तेच करायचं म्हणजे..."

"तुलाही कंटाळा आला होता?" कोलेट किंचाळली.

"तिसऱ्या शनिवारपासून."

कोलेटने विणकामाची पिशवी उचलली, सुयांसकट बाहेरच्या खोलीत भिरकावली आणि परत येऊन फाशांची डबी आपल्यासमोर ओढली. "चार मोठी माणसं," ती म्हणाली. "चार! आणि एकालाही तोंड उघडून बोलता येऊ नये!"

"मग आता दुकानाचं काय करायचं?" हॉलिसने विचारलं. "सातशे कंदिलांतले सहाशे तर विकून गेलेत. मोहरांनी तळघर भरलंय."

याचाच विचार बर्निस तीन दिवस रस्ते साफ करत करत होती. ती खुर्चीत पुढे सरकली, आणि तिच्या आवाजात सूत्रधाराचा तो जुना खर्ज आला.

"पहाट झालीये. धुक्याच्या बंदरातली कुत्री एकाच वेळी भुंकायला लागलीत. डोंगराकडून वारा सुटलाय, आणि त्या वाऱ्याला गंधकाचा वास आहे. ड्रॅगनला सोन्याचा वास येतो हे तुम्ही विसरलात. साऱ्या राज्याचं सोनं तुम्ही एका तळघरात आणून ठेवलंत. तो निघालाय."

"देवा!" हॉलिस म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

"ब्रांडा सँडविच टाकून देते," कोलेट म्हणाली, "आणि कुऱ्हाड उचलते!"

"कुऱ्हाडीने त्याला ओरखडाही जाणार नाही. ओग्रिम, तुझ्या गुरूने तुला एक गोष्ट सांगितली होती. ड्रॅगनला ओलांडता येत नाही असा एकच उजेड आहे. दीपस्तंभाच्या माथ्यावर लावायचा महादीप."

ड्वेनने पुस्तक ओढून पानं उलटली. महादीप सापडला. किमतीच्या जागी नुसती आडवी रेघ होती. "याला किंमतच नाही दिलेली."

"ज्याला गिऱ्हाईकच मिळणार नाही त्याची किंमत कोण लिहिणार? तो विकत मिळत नाही आणि मोहरांनी घडतही नाही. मोठी जादू लहान जादू खाऊन वाढते. तुझे कंदील लागतील. सगळे. लोकांच्या घरात आहेत तेसुद्धा. आणि तळघरातलं सोनं सारं वितळवून त्याची बैठक."

"म्हणजे जे विकले," हॉलिस सावकाश म्हणाला, "ते परत मागायला जायचं? आपण? मी त्या म्हातारीला कोंबड्यांसाठी शंभराला गळ्यात मारलाय!"

"तर मग आधी तिच्याकडेच जा."

ती दुपार त्या स्वयंपाकघरातली सगळ्यात गोंगाटाची दुपार ठरली. फिंच दारोदार हिंडला. बर्निसने म्हातारी अशी काही उभी केली की हॉलिसला घाम फुटला. "तेव्हा म्हणालास, कोंबड्या सोन्याची अंडी घालतील," म्हातारी झालेली बर्निस त्याच्यावर बोट रोखून म्हणाली. "माझ्या कोंबड्यांना झोप येईना मेल्या, रात्रभर उजेड!" फासे हॉलिसच्या विरुद्ध पडले. शेवटी फिंचने गुडघे टेकून माफी मागितली तेव्हा कुठे तिने कंदील दिला, वर खुराडं साफ करून घेतलं ते वेगळंच. ब्रांडाने बंदरातली पोरंसोरं, खलाशी, कोळिणी सगळ्यांची रांग लावून कंदील हातोहात दीपस्तंभावर चढवले. आकाश तांबडं व्हायला लागलं होतं.

मग पाळी आली ओग्रिमची.

"सहाच्या खाली पडला तर सगळं गेलं," बर्निस म्हणाली. "कंदील, सोनं, गाव." तिने हे हलकेच म्हटलं. सूत्रधाराला फाशांवर हुकूम चालवता येत नाही.

ड्वेनने वीस तोंडांचा फासा तळहातावर घेतला. खांदा दुखायचा म्हणून तो नेहमी डाव्या हाताने टाकायचा. आज त्याने उजव्या हाताने टाकला. फासा बशीला आपटला, साखरेच्या भांड्याला घासून फिरला, कॉफीच्या कपापाशी डुगडुगला. चौघांची डोकी एकमेकांवर आपटली.

सात.

पुढे काय झालं ते कुणालाच धड ऐकू आलं नाही. कोलेटने हॉलिसला मिठी मारली, ड्वेन दोन्ही मुठी टेबलावर बडवत होता. महादीप पेटला, त्याचा उजेड समुद्रावरून डोंगरापर्यंत गेला आणि ड्रॅगन डोळे मिटून किंचाळत माघारी फिरला, हे बर्निसने तीनदा सांगितलं तेव्हा एकदा ऐकलं गेलं. ब्रांडा अर्थातच त्याच्या मागे धावली. तिला थांबवायला चांगलाच वेळ लागला.

गोंधळ ओसरल्यावर हॉलिसने डोळे पुसत विचारलं, "मग आता आपल्याकडे उरलं किती?"

"काही नाही," बर्निस म्हणाली. "एक मोहरसुद्धा नाही."

"कंदील?"

"एकही नाही."

हॉलिसने खुर्चीला पाठ टेकली, दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि पोट भरलेल्या माणसासारखा एक लांब श्वास सोडला. ड्वेन उठून ओव्हनपाशी गेला, चार पेस्ट्या बशीत काढून घेऊन आला आणि त्याने सगळ्यात मोठी स्वतःसमोर ठेवली.